चार महिने पूर, आठ महिने दुष्काळ: सड्यावरच्या वनस्पती कशा तगतात

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात समुद्राकडे उतरणाऱ्या पट्ट्यात जांभ्याचे सपाट, उघडे कातळ पसरलेले आहेत. कोकणात आणि गोव्यात त्याला सडा म्हणतात, घाटमाथ्यावर पठार. साताऱ्याजवळचं कास, पाचगणीचं टेबललँड, आंबोलीचे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे ही त्यातली ओळखीची नावं. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी, अशी असते. एप्रिल-मेमध्ये तिथे उभं राहिलं तर ती नोंद खरीही वाटते. पण एकट्या कास परिसरात ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत कास आहे.

फुलांचे फोटो भरपूर निघतात, पण ही झाडं तिथे जगतात कशी हे फोटोत येत नाही. या लेखात तेवढंच उलगडायचं आहे. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल: सड्यावरच्या या वनस्पती तिथल्या गरिबीशी इतक्या जुळलेल्या आहेत, की कुणी ती जमीन ‘सुधारली’ तर सर्वांत आधी त्याच जातात.

आधी जमीन बघू

घाटमाथ्यावर मूळ खडक काळा बेसाल्ट, दख्खनच्या ज्वालामुखीचा. लाखो वर्षं उष्ण हवा आणि धो धो पाऊस झेलत त्याच्या वरच्या थराचा जांभा झाला. या काळात पावसाने खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. मागे उरले ते मुख्यतः लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे ऑक्साइड. जांभ्याचा तांबडा रंग लोखंडाचा, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवर बॉक्साइट सापडतं ते अ‍ॅल्युमिनियममुळे.

शेतकऱ्याच्या भाषेत हिशोब मांडला तर असा. पालाश (पोटॅशियम) धुऊन गेलेलं. स्फुरद (फॉस्फरस) थोडंफार असलं तरी लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला घट्ट बांधून ठेवतात, त्यामुळे मुळांना ते मिळत नाही. नत्राची (नायट्रोजनची) तऱ्हा आणखी वाईट. पावसाळ्यात माती पाण्याने गच्च भरते, तिच्यात हवा राहत नाही, आणि तशा मातीतले जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करून टाकतात. उरलेलं वाहून जातं. शिवाय ही माती आम्लधर्मी, आणि तिची जाडी कुठे काही मिलीमीटर तर कुठे वीतभर.

आता पाऊस. कासला वर्षाला साधारण २,००० ते २,५०० मिलीमीटर, आंबोलीला ७,००० च्या आसपास, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खाली खडक असल्यामुळे पाणी मुरत नाही, पृष्ठभागावर साचतं किंवा वाहतं. ऑक्टोबर सरता सरता तीच जागा कोरडी ठणठणीत होते, कारण पाणी साठवायला मातीच नसते. थोडक्यात, झाडाला तीन अडचणी एकाच ठिकाणी भेटतात: भूक, बुडणं आणि वाळणं. एकेका वनस्पतीने यांतली एखादी किंवा दोन अडचणी कशा सोडवल्या ते आता पाहू. सुरुवात भुकेपासून.

दवबिंदू: नत्र हवेतून उडत येतं

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओलसर कातळाच्या कडेला, बोटभर उंचीच्या गवतात, तांबूस रोपं दिसतात. त्यांच्या पानांवर थेंब चकाकत असतात आणि भर दुपारच्या उन्हातही ते वाळत नाहीत. हा ड्रॉसेरा, मराठीत दवबिंदू. आपल्याकडे सड्यांवर याच्या दोन जाती सहज भेटतात. ड्रॉसेरा इंडिका उभी वाढते, तिची पानं लांब, बारीक, दोऱ्यासारखी. ड्रॉसेरा बर्मानी जमिनीला चिकटून पानांचं गोल चक्र करते, जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं.

पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला एक ग्रंथी असते आणि ती चिकट द्राव बनवते. हा द्राव म्हणजे पाण्यात विरघळलेली लांब साखळ्यांची शर्करा, म्हणून तो सहज वाळत नाही आणि ओढला की तार धरतो. चिलट किंवा मुंगी त्यावर बसली की पाय अडकतात. ती जितकी धडपडते तितक्या जास्त ग्रंथींना स्पर्श होतो. स्पर्शाने केसातून विजेचा सूक्ष्म संकेत जातो आणि आसपासचे केस भक्ष्याकडे वाकू लागतात. ड्रॉसेरा बर्मानीच्या कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात. वनस्पतींच्या जगात हा वेग विलक्षण आहे. इंडिकाचं काम त्यामानाने सावकाश चालतं.

कीटक बहुधा गुदमरून मरतो, कारण चिकट द्रावाने त्याच्या शरीरावरची श्वासाची छिद्रं बुजतात. मग पानात जास्मोनेट नावाचं संप्रेरक वाढतं आणि ग्रंथी पाचक रस सोडू लागतात. त्यात प्रथिनं तोडणारे रस असतात, स्फुरद मोकळं करणारे असतात आणि कीटकाच्या कवचातलं कायटिन तोडणारेही असतात. काही दिवसांत आतला मऊ भाग संपतो, पान उलगडतं आणि रिकामं कवच वाऱ्याने उडून जातं. जास्मोनेटचा हा मार्ग इतर झाडंही वापरतात, पण अळीने पान कुरतडलं की तिला आवर घालण्यासाठी. ड्रॉसेराने बचावाची तीच यंत्रणा जेवणासाठी वळवून घेतली आहे.

ड्रॉसेराला कीटकापासून मिळतं ते मुख्यतः नत्र आणि स्फुरद. साखर तो इतर झाडांसारखी सूर्यप्रकाशातच बनवतो, म्हणून सावलीत ठेवून किडे भरवले तरी तो मरतो.

इथे एक रास्त प्रश्न येतो. किडे खाणं इतकं सोयीचं असेल तर सगळीच झाडं ते का करत नाहीत? अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये याचं नफा-तोट्याचं गणित मांडलं. चिकट द्राव, केस, पाचक रस हे सगळं बनवायला साखर खर्च होते, आणि ज्या पानाचा सापळा होतो ते साखर बनवण्यात कमी पडतं. हा खर्च परवडतो तो फक्त ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि अन्नद्रव्यं अगदी कमी अशा जागी. जंगलात ऊन कमी, म्हणून तिथे परवडत नाही. सुपीक शेतात मुळांतून नत्र स्वस्तात मिळतं, म्हणून तिथेही नाही. पावसाळ्यातल्या सड्यावर तिन्ही अटी पुऱ्या होतात. सड्यावर शेणखत किंवा युरिया वाहून आला तर ड्रॉसेरा का मागे पडतो, त्याचंही उत्तर इथेच आहे. आजूबाजूचं गवत वाढतं, सावली करतं आणि ड्रॉसेराचा खर्च वायफळ ठरतो.

सीतेची आसवं: जमिनीखालचे सापळे

कासच्या फोटोंमध्ये निळ्या-जांभळ्या फुलांचे जे गालिचे दिसतात, त्यांत सीतेच्या आसवांचा मोठा वाटा असतो. शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया पर्प्युरासेन्स. ही त्या गालिच्यातली खरी शिकारी आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तिचं सगळं काम चिखलाच्या आत चालतं.

या वनस्पतीला मुळंच नसतात. त्यांच्या जागी केसासारख्या बारीक फांद्या ओल्या मातीत पसरतात आणि त्यांवर मिलीमीटरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही लहान, पिशव्या असतात. पिशवीच्या भिंतीतल्या ग्रंथी आतलं पाणी सतत बाहेर टाकतात. त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि भिंती आत दबल्या जातात, ड्रॉपरचा रबरी फुगा चिमटीत दाबून धरावा तशा. तोंडाशी एक झडप असते, तिच्यावर ताठ केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की झडप कोसळून आत वळते, भिंती मूळ आकारात येतात आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो. झडप लगेच बंद होते.

ही सगळी क्रिया एका मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात होते. फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने हे मोजलं, तेव्हा आत खेचल्या जाणाऱ्या पाण्याचं त्वरण (वेग वाढण्याचा दर) गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६०० पट निघालं. डोळ्याने हे दिसणं शक्य नाही. सापळा पुन्हा सज्ज व्हायला मात्र अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, कारण पाणी थोडं थोडं करून बाहेर टाकावं लागतं. तेवढ्यासाठी लागणारी ऊर्जा हाच या पद्धतीचा मोठा खर्च.

युट्रिक्युलारियाला सरसकट कीटकभक्षी म्हटलं जातं, पण मातीत वाढणाऱ्या जातींच्या पिशव्यांत कीटक मावत नाहीत. त्या पकडतात ते एकपेशीय जीव, चक्रधर (रोटिफर नावाचे सूक्ष्म जलजीव), सूत्रकृमी आणि सूक्ष्म कवचधारी. मांसभक्षी हा शब्द जास्त बरोबर. व्यवहारातला मुद्दा असा, की या सापळ्याला पाण्याचा सलग थर लागतो. चिखल वरून ओला दिसतो पण आत पाणी भरलेलं नाही, अशा वेळी पिशव्या चालत नाहीत. कडेने एखादी चर खणून खळग्यातलं पाणी पंधरा दिवस आधी काढून दिलं, तर त्या खळग्यातल्या सीतेच्या आसवांचा हंगाम तेवढाच आखडतो आणि बी कमी धरतं.

तुतारी आणि दुधाळी: शेजाऱ्याच्या मुळात हात

संध्याकाळी पांढरी, लांब नळीची फुलं उमलतात ती तुतारीची. पतंगांना बोलावणारी ही रचना आहे: पांढरा रंग अंधारात दिसतो आणि लांब नळीच्या तळाशी पतंगाची सोंड पोचते. दुधाळीची फुलं गुलाबी. दोघींनाही हिरवी पानं आहेत, म्हणून त्या स्वतंत्र वाटतात. प्रत्यक्षात दोघी अर्धपरजीवी. त्यांची मुळं शेजारच्या गवताच्या मुळाला चिकटतात, तिथे शोषक अवयव तयार होतो आणि गवताने गोळा केलेलं पाणी आणि क्षार त्या ओढून घेतात.

त्यांच्याच कुळातला टारफुला, ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण, ज्वारीच्या शेतकऱ्याला चांगला माहीत आहे, आणि त्याच्यावर अभ्यास भरपूर झाला असल्यामुळे यंत्रणा त्याच्यावरून नीट समजते. टारफुल्याचं बी धुळीएवढं, ०.२ ते ०.३ मिलीमीटर. एका रोपाला हजारो बिया, आणि त्या मातीत दहा वर्षांहून जास्त जिवंत राहू शकतात. इतक्या लहान बियांत शिदोरी जेमतेम काही दिवसांची, त्यामुळे ज्वारीचं मूळ अगदी जवळ, काही मिलीमीटरवर असल्याशिवाय उगवणं म्हणजे मरण. मग मूळ जवळ आहे हे बियाला कळतं कसं?

ज्वारीच्या मुळांना स्फुरद कमी पडलं की ती स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्यं मातीत सोडतात. हा संदेश खरं तर मुळांशी मैत्री करणाऱ्या बुरशीसाठी असतो. ती बुरशी स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. टारफुल्याचं बी हाच संदेश चोरून ऐकतं आणि उगवतं. या गटातलं पहिलं द्रव्य, स्ट्रिगॉल, १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून वेगळं केलं गेलं, आणि कापसावर ज्वारीचा टारफुला जगत नाही. शेतीसाठी याचा थेट उपयोग होतो. टारफुला माजलेल्या शेतात ज्वारीऐवजी कापूस किंवा चवळी घेतली तर बिया फसून उगवतात आणि यजमान न मिळाल्याने मरतात. एका हंगामात शेत साफ होत नाही, कारण बियांचा साठा मोठा असतो. उगवलेली रोपं फुलण्याआधी उपटणं आणि नत्र-स्फुरदाची कमतरता भरून काढणं हेही जोडीला करावं लागतं.

सड्यावर गवत आणि परजीवी यांचा तोल शेतापेक्षा वेगळा पडतो. तिथे तुतारी-दुधाळी जोमदार गवताला थोडं खुजं ठेवतात, आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत लहानग्या वनस्पतींना ऊन मिळतं.

बुडालेल्यांचं जगणं

पहिल्या पावसात खळगे भरले की काही दिवसांत पाण्यातून इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे फिकट गुलाबी तुरे वर येतात. हा वायतुरा, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. १९८२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि सातारा हे नाव त्याच्या नावातच आलं. त्याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणजे एका डबक्यात फक्त नर उरले तर तिथे बी धरत नाही. चिखलात रुतलेला कंद आठ महिने कोरड्यात काढतो आणि पाणी लागताच साठवलेल्या अन्नावर लगेच फुलतो. घाई याची, की डबकं किती आठवडे टिकेल याची खात्री नसते.

गेंदाची, म्हणजे इरिओकॉलॉनची, पांढरी बटणासारखी फुलं सगळ्यांच्या परिचयाची. त्याची पांढरी, स्पंजासारखी मुळं हवेच्या पोकळ्यांनी भरलेली असतात आणि त्यांतून पाण्याखालच्या मुळांना ऑक्सिजन पोचतो.

याहून नवलाची गोष्ट आयसोएटिसची. दिसायला गवताचा झुबका, पण फुलं नाहीत, बी नाही. पानांच्या बुडाशी बीजाणू असतात. ही नेच्यांहूनही जुन्या वंशातली वनस्पती. पाचगणीच्या टेबललँडवरून या प्रजातीच्या जातींची नोंद झाली आहे आणि एकीच्या नावात तर पाचगणीच आहे. उथळ डबक्यात दिवसा शेवाळं आणि इतर वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपवून टाकतात. रात्री सगळे श्वास घेत असल्याने तो पुन्हा साठतो. अशा डबक्यांतले आयसोएटिस रात्री तो गोळा करून आम्लाच्या रूपात ठेवतात आणि दिवसा उन्हात त्याची साखर करतात. निवडुंग पाणी वाचवण्यासाठी हीच युक्ती वापरतो, आणि इथे पाण्यात बुडालेल्या वनस्पतीलाही तीच कामी येते, कार्बनसाठी.

वाळण्याचे तीन मार्ग

सप्टेंबरनंतर सड्यावर प्रत्येकाला वाळण्याची तयारी करावी लागते. सर्वांत सोपा मार्ग मरण्याचा: दवबिंदू, सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांच्या बहुतेक जाती वर्षायू आहेत. तीन-चार महिन्यांत उगवणं, फुलणं, बी धरणं उरकून त्या संपतात, आणि उन्हाळा बीच्या रूपात निघून जातो.

दुसरा मार्ग जमिनीखाली जाण्याचा. वायतुरा, आभाळी, चवर आणि अनेक भुईआमऱ्या (जमिनीवर वाढणारी ऑर्किड) कंदावर जगतात. यांतलं सर्वांत गुंतागुंतीचं घराणं कंदीलपुष्पाचं, सेरोपेजियाचं. महाराष्ट्रात त्याच्या अनेक जाती आहेत, त्यांतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. सेरोपेजिया जैनी सड्यावरच्या गवतात गवतासारखीच उभी राहते, तर सेरोपेजिया लॉवी हरिश्चंद्रगडासारख्या उंच कड्यांवर. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने या दुर्मीळ जाती बागेत जोपासण्याचं मोठं काम केलं आहे.

कंदील हे फूल म्हणजे माशांचा तात्पुरता तुरुंग आहे. वासाने बारीक माशी येते, कंदिलाच्या गुळगुळीत तोंडावरून घसरून नळीत पडते. नळीतले केस खाली झुकलेले असतात, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर नाही. तळाच्या फुगीर भागाची भिंत पातळ असल्याने तिथून उजेड येतो आणि माशी वर जाण्याऐवजी उजेडाकडे झेपावत राहते. तिथेच फुलाची जननांगं असतात. या धडपडीत परागांच्या दोन पिशव्यांची जोडी चिमट्याने तिच्या सोंडेला अडकते. फूल जुनं झालं की केस मऊ पडतात, नळी झुकते आणि माशी सुटते, ती पुढच्या कंदिलात ही जोडी नेऊन सोडते. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनीवर २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं, की तिचं फूल जखमी मधमाशीच्या गंधाची नक्कल करतं, आणि मेलेल्या मधमाशांवर जगणाऱ्या माशा त्याला फसतात. इतकी नेमकी यंत्रणा एका ठिकाणी कमकुवत पडते: झाडं विरळ झाली तर सुटलेल्या माशीला वेळेत दुसरा कंदील सापडत नाही. कंद खाल्ले जातात तेही वेगळंच. रानडुक्कर, साळिंदर आणि माणूस तिघेही ते उकरतात.

तिसरा मार्ग सर्वांत विलक्षण, आणि सर्वांत कमी ओळखला गेलेला. काही वनस्पती अक्षरशः कडकडीत वाळतात आणि पाणी लागलं की परत जिवंत होतात.

साधं झाड वाळून मरतं याची कारणं यांत्रिक आहेत. पेशीतलं पाणी गेलं की तिची पटलं, म्हणजे पातळ आवरणं, एकमेकांना चिकटतात आणि फाटतात. आकसणाऱ्या पेशीची भिंत आत ओढली जाऊन तुटते. आणि पाणी नसतानाही हरितद्रव्य ऊन शोषत राहतं. ती ऊर्जा वापरली न गेल्याने पेशी जाळणारी ऑक्सिजनची रूपं तयार होतात. पुनर्जीवी वनस्पती यांपैकी प्रत्येकावर उपाय करतात. वाळू लागल्यावर त्या पेशीत सुक्रोजसारख्या शर्करा आणि खास संरक्षक प्रथिनं भरतात. पाणी उडून गेलं की हा साठा काचेसारखा घट्ट होतो आणि पटलांना, प्रथिनांना जागच्या जागी धरून ठेवतो. पेशीभित्ती लवचीक असते, ती तुटण्याऐवजी घडी घालते. पानं गुंडाळली जातात, जेणेकरून ऊन कमी लागावं. काही जाती हरितद्रव्यच मोडून टाकतात आणि ओल आल्यावर नव्याने बनवतात. पेशीतलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी गेलं तरी त्या जिवंत असतात, आणि एक-दोन दिवसांच्या ओलीत हिरव्या होतात.

पण ही तयारी करायला वेळ लागतो. हळूहळू वाळलं तर झाड वाचतं. उपटून कडक उन्हात टाकलं, तासाभरात सुकलं, तर शर्करा बनण्याआधीच पेशी मरतात. खडकावरच्या पातळ मातीत राहणं आणि खडकावर उपटून पडणं यांत हाच फरक आहे.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या उघड्या खडकांवर अशा वनस्पती शोधल्या. २०२३ मध्ये त्यांनी ६२ जातींची यादी जाहीर केली. त्याआधी भारतातून नऊच माहीत होत्या. त्यांत ट्रायपोगॉन हे बारीक गवत सर्वांत ठळक. उन्हाळ्यात खडकाच्या भेगेत जो करडा, मेलेला वाटणारा झुबका दिसतो, तो बऱ्याचदा जिवंत असतो. त्याचा फायदा वळवाच्या सरीत कळतो. वर्षायू वनस्पतीचं बी त्या सरीला भुलून उगवलं तर पुढच्या कोरड्या आठवड्यात मरतं. ट्रायपोगॉन मात्र सर येताच हिरवं होतं, दोन-चार दिवस अन्न बनवतं आणि पुन्हा वाळून बसतं.

बाजारात वाळलेला गोळा ‘संजीवनी’ म्हणून विकतात, तो सिलाजिनेला ब्रायोप्टेरिस. जिवंत असताना त्यालाही ही शक्ती आहे. पण विकत घेतलेला गोळा पाण्यात उघडला म्हणजे तो जिवंत आहे असं होत नाही. फांद्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू पाणी कमीजास्त शोषतात, त्यामुळे मेलेला गोळाही उघडतो. खूण उघडण्यात नाही, एक-दोन दिवसांत हिरवा रंग परततो का आणि पुढे नवी टोकं फुटतात का, त्यात आहे. शोभेसाठी हे गोळे खडकावरून खरवडून आणले जातात. तसलं खरेदी न केलेलंच चांगलं.

आग

सड्यांवर आणि आसपासच्या गवताळ उतारांवर उन्हाळ्यात वणवे लागतात, बहुतेक माणसाने लावलेले. तळेगाव दाभाड्याच्या परिसरातून २०२४ मध्ये वर्णन झालेली डायक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही वनस्पती पावसाळ्यानंतर एकदा फुलते आणि आग लागून गेल्यावर मे-जूनमध्ये दुसऱ्यांदा, यावेळी लहानशा फुटव्यांवर. तिचा जमिनीखालचा भाग लाकडासारखा टणक असतो आणि तिथून नवे कोंब येतात. यावरून कुणी आग पठाराला चांगली असा अर्थ काढू नये. एका जातीला आगीनंतर फुलता येतं, एवढ्यावरून वरच्या पातळ मातीतलं बी आणि ट्रायपोगॉनचे झुबके आगीत सुरक्षित राहतात असं होत नाही.

बिघडतं कुठे

चांगल्या हेतूने होणारं सर्वांत मोठं नुकसान वृक्षारोपणाचं. कातळ फोडून दोन-दोन फुटांचे खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणि खत भरायचं, रोपं लावायची. झाडं बहुधा एप्रिलपर्यंत वाळतात. पण बाहेरच्या मातीबरोबर आलेलं तणाचं बी आणि खताचं पाणी उताराने पसरतं, आणि खालच्या खळग्यात गवत माजतं. दवबिंदूचं गणित तिथेच बिघडतं. सड्याला झाडांची गरज नाही. तो उघडा आहे तसाच पूर्ण आहे.

कोकणात चिरेखाणी (जांभ्याचे चिरे काढण्याच्या खाणी) आणि सुरुंग लावून केलेल्या आंबा-काजूच्या बागा यांमुळे सडे कायमचे जातात. जांभ्याचा कठीण पृष्ठभाग एकदा उचलला की तो परत बसवता येत नाही. त्यावरचे खळगे, भेगा आणि मातीचे थर तयार व्हायला लागलेला काळ माणसाच्या मापात बसत नाही. बांधकाम लहान असलं तरी सिमेंटवरून वाहणारं पाणी आम्लधर्मी जमिनीत चुना मिसळतं.

चराईबद्दल मत टोकाचं असू नये. अति चराईने रोपं तुडवली जातात आणि शेण साचतं. पूर्ण बंद केली तर उंच गवत वाढून सावली करतं. थोडी, फिरती चराई या पठारांवर पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे आणि इथल्या वनस्पती तिच्यासोबतच टिकल्या आहेत.

पाहायला जाणाऱ्याने पाय उघड्या खडकावर किंवा आखलेल्या वाटेवरच ठेवावा. मातीचा थर दोन सेंटिमीटरचा असेल तर एका बुटाने तो दबतो, त्यातली हवा जाते आणि पुढच्या वर्षी तिथे पाणी वेगळ्या पद्धतीने साचतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग सोबत असावं. दवबिंदूची ग्रंथी त्यातून स्पष्ट दिसते. वायतुऱ्यासाठी जून-जुलै, कंदीलपुष्पासाठी जुलै-ऑगस्ट, दवबिंदू, सीतेची आसवं आणि गेंद यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर.

घरी वाढवायचाच असेल तर

पठारावरून उपटून आणलेला दवबिंदू हमखास मरतो. कायद्याचा आणि जातीच्या भवितव्याचा प्रश्न तर आहेच. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेली रोपं मिळतात, तीच घ्यावीत. मातीची कुंडी नको, तिच्यातून क्षार सुटतात. दहा-बारा सेंटिमीटर खोलीची, तळाला भोकं असलेली प्लॅस्टिकची घ्यावी. दोन भाग पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि एक भाग धुतलेलं परलाइट (हलके, सच्छिद्र खनिजाचे दाणे). शेणखत, गांडूळखत, बागेतली माती यांतलं काहीही नाही. कोकोपीट वापरायचं असेल तर त्यातलं मीठ जाईपर्यंत स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळून घ्यावं.

पाणी साठवलेल्या पावसाचं किंवा आरओचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५० च्या खाली. मीटर स्वस्त मिळतो, घेऊन ठेवावा. बोअरवेलच्या पाण्याने पानांच्या कडा आठवड्या-दोन आठवड्यांत काळ्या पडू लागतात. कुंडी ताटलीत ठेवून तिच्यात एक-दोन सेंटिमीटर पाणी कायम राहू द्यावं. रोज चार-सहा तास थेट ऊन. थेंब नाहीसे झाले तर आधी उजेड आणि हवेतला ओलावा तपासावा. वरून पाणी मारल्यानेही चिकट द्राव धुऊन जातो. मांसाचे तुकडे देऊ नयेत, ते कुजून पान मरतं. चिलटं उघड्यावर आपोआप येतात, नाहीच आली तर महिन्यातून एक-दोन मेलेले डास पुरतात.

ड्रॉसेरा इंडिका बी पिकल्यावर वाळते, तेव्हा पाणी-खताची चूक झाली असं समजू नये. बोंडं तपकिरी झाली की बी कागदावर झटकून घ्यावं, कोरड्या पाकिटात ठेवावं आणि जूनमध्ये ओल्या पीटवर नुसतं भुरभुरावं. वर माती घालू नये. हे बी उजेडातच रुजतं.